एका कडीत दोन हूक

किसना, काल तुझं तेरावं झालं. पंगत उठली, सुपारी फिरली, अन् मंडपातल्या लोकांनी माझ्याकडं माना वळवल्या. भानुदास, तू बोल, म्हणले. दोघं एका गावचे, एका बॅरकीतले, एका बोटीवरचे. समुद्राची गोष्ट सांग, किसना सांगायचा तशी. तुझ्या फोटोला झेंडूचा हार होता अन् फोटोत तू हसून राह्यला होता. तो फोटो बोटीच्या शर्यतीला निघायच्या सकाळचा. त्याच्यात तुझ्या बाजूला मी होतो. फ्रेमवाल्यानं मला कापलं, तुझ्या खांद्यावरचा माझा हात तेवढा राह्यला.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काल डोळ्यानं पाह्यलं. तू देवमाणूस झाला. तुझ्या शब्दाला किंमत होती म्हणे. ज्याच्याशी तू बांधावरून दरसाल भांडायचा, तोबी उपरण्यानं डोळे पुसून राह्यला होता. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे मलाबी ठाऊक हाये. पण मी बोलणार. तू जिवंत होता तव्हा मधी तोंड घालायचा, माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलं न्हाई. आता ऐकून घे.

समुद्र आपल्या नशिबात यायचं काही कारण न्हवतं. टेंभुर्णीच्या बाजारापलीकडं आपल्याला दुनिया ठाऊक न्हवती, अन् पाणी म्हणजे तुमच्या मळ्यातली विहीर. तिथंच आपण पोहायला शिकलो. आपल्या गावची रीत अशी, की पोरगं पोहायला शिकताना त्याच्या कमरेचा दोर बापानं धरायचा न्हाई. बापाला दया येते, तो ढील देत न्हाई. म्हणून तुझा दोर माझ्या बापानं धरला अन् माझा तुझ्या बापानं. तू पाणी प्यायला लागला की माझा बाप हसायचा, मी प्यायला लागलो की तुझा बाप. पुढं फौजेत भरती झालो, अन् एका साहेबानं परेडवर विचारलं, पाण्याला कोण भीत न्हाई? आपण दोघांनी हात वर केला. त्याला समुद्र म्हणायचा होता, आपल्याला विहीर वाटली.

आठवतं का पहिले दिवस? फौजेच्या शर्यतीच्या शिडाच्या बोटीवर पाय ठेवला अन् पोटातलं सगळं वर आलं. बोट कायम एका अंगावर कललेली, भांडं ठेवलं तर सरकतं, माणूस झोपला तर गुंडाळतो. पाळीपाळीनं झोपायचं, दुसऱ्याच्या घामानं अन् खाऱ्या पाण्यानं ओल्या झालेल्या फळीवर. तुझ्या सुमननं जवसाची चटणी दिली होती, ती तू बुटात लपवून ठेवली अन् मला चाटवली ती निव्वळ ब्रेडच्या बदल्यात. तरी आपण शिकलो. तुझे हात ताकदीचे, तू शिडाचे दोर ओढायचा. माझा हात हलका म्हणून साहेब मला अधूनमधून सुकाणूवर बसवायचा. सुकाणू हातात आलं की बोट कुठं जायला बघते ते तळव्याला कळतं. बैलाचा कासरा हातात असला की कळतं ना, तसं. साहेब म्हणला होता, ही शर्यत होऊ दे, पुढच्या वेळी तुला कायमचा सुकाणूवर घेतो. ते मी घरी कोणालाच सांगितलं न्हवतं. तुला सांगितलं होतं.

शर्यत अरबी समुद्र ओलांडायची होती. निम्मा रस्ता झाला अन् दुपारी वारा चढला. पुढचं मोठं शीड उतरवून लहान चढवायचं होतं, साहेबानं तुला अन् मला पुढं पाठवलं. तुला ठाऊकच हाये, तरी पुन्हा सांगतो. आपल्या अंगावर पट्टे असायचे, पट्ट्यातून एक दोर निघायचा अन् त्याच्या टोकाला हूक. बोटीला जागोजाग लोखंडी कड्या बसवलेल्या. जिथं काम, तिथल्या कडीत हूक अडकवायचा, मंग लाट येवो नाहीतर काही येवो, माणूस बोटीलाच राहतो. डोलकाठीपाशी एकच कडी होती. त्या एका कडीत आपले दोघांचे हूक. माझ्या हुकाला मी काळी टेप गुंडाळली होती, तुझा हूक कोरा होता.

काम झालं. तू म्हणला, चल मागं. एका हातानं डोलकाठी धरली, वाकला अन् कडीतला एक हूक सोडला. टेपवाला. मी म्हणलो, "किसना, माझा." वाऱ्यात तुला ऐकू गेलं का न्हाई, देव जाणे. पण तू हातातल्या हुकाकडं पाह्यलं, टेपेकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. तेवढ्यात लाट आली अन् मी बोटीवर न्हवतो.

पाण्यात पडल्यावर पहिलं काय कळतं तर बोट किती जल्दी जाते ते. वर होतो तव्हा वाटायचं रांगून राह्यली. लाटेवर चढलो की शीड दिसायचं, उतरलो की नुसतं पाणी. अन् दर वेळी चढलो की तू दिसायचा, कठडा धरून उभा, एक हात माझ्याकडं लांब केलेला. आपल्याला शिकवलं होतं तसंच. माणूस पडला की एकानं फक्त त्याच्याकडं हात करून उभं राह्यचं. शीड पाडायचं, बोट वळवायची, ते बाकीचे बघतील. हात करणाऱ्यानं पापणीसुद्धा हलवायची न्हाई, कारण लाटांत एकदा डोकं हरवलं की पुन्हा सापडत न्हाई. बोट वळायला लई वेळ गेला. एकदा तर ती उलटीच जाऊन राह्यली असं वाटलं, अन् मी राजूरच्या गणपतीला नारळ बोललो. पण तुझा हात खाली आला न्हाई. किसना, त्या हातामुळं मी हाये. माझ्या दोन्ही पोरी त्या हातामुळं हायेत. हे मी कधी विसरलो न्हाई अन् विसरणारबी न्हाई.

पण पुढचंबी विसरलो न्हाई. मला वर घेतलं, फळ्यांवर पालथं टाकलं. नाकातोंडातून खारं पाणी येऊन राह्यलं होतं. साहेबानं विचारलं, "हुक लगाया था की नहीं?" मी खोकून राह्यलो होतो. तू बोलला. "साब, भूल गया होगा. ये पहलेसे ऐसाच है." मी मान वर करून तुझ्याकडं पाहायला लागलो, तर तू माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला अन् खसाखसा पुसायला लागला. किती मायेनं पुसलं लेका. टॉवेलाखाली मला काहीच दिसत न्हवतं.

उरलेली शर्यत मी बोटीच्या पोटात काढली. भांडी घासली, साचलेलं पाणी उपसलं, लोकांचे ओले मोजे पिळले. वर यायचं न्हाई असा हुकूम होता. आपली बोट मागं पडली तेबी माझ्याच नावावर गेलं. पुढच्या शर्यतीला तुझं नाव लागलं, त्याच्या पुढच्यालाबी. माझं नाव स्टोअरला लागलं. तू समुद्रावर अन् मी फाटक्या शिडांच्या घड्या घालून राह्यलो. सुकाणूला पुन्हा हात लागला न्हाई, आजपर्यंत न्हाई.

तव्हा का न्हाई बोललो, असं कोणी विचारील. आपल्या गावाकडचा माणूस विचारणार न्हाई. ज्यानं पाण्यातून काढलं त्याच्यावर उलटायचं न्हाई, हे आपल्याकडं विहिरीच्या काठावरच शिकवतात. काढणारा बापाच्या जागी. सुट्टीवर आलो तर माझ्या आधी तुझी गोष्ट गावात पोचली होती. आईनं मला दारातच विचारलं, "किसनाच्या पाया पडला का?" मी म्हणलं, माये, तो माझ्या बरोबरीचा हाये. ती म्हणली, "असू दे. त्यानं तुला दुसऱ्यांदा जन्माला घातलं." दसरा आला. सोनं वाटायला निघालो तर आईनं सांगितलं, देवळानंतर पहिलं घर किसनाचं. मी तुझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली अन् वाकलो. मला वाटलं तू धरशील, उठवशील, म्हणशील अरे हे काय करून राह्यला. तू पाय पुढं केला.

त्यानंतर दर दसऱ्याला मी वाकलो अन् दर दसऱ्याला तू पाय पुढं केला. आई गेली तरी मोडलं न्हाई ते. अन् तुझी गोष्ट दरसाल वाढत गेली. तू म्हणायचा, "याची कॉलर धरली अन् मांजराचं पिल्लू उचलतात तसं उचललं." त्या दिवशी माझ्या अंगात कॉलरचं काही न्हवतंच. मला दोरखंडाचा फास टाकून चौघांनी ओढलं, तू तर तव्हा कठड्याला धरून ओकत होता. पण ऐकणाऱ्याला कॉलर आवडायची. राजूरला नारळ फोडायला गेलो तर तू नारळवाल्याला सांगितलं. आई गेली तव्हा लाकडं तू आणली, पहिला खांदा तू दिला, माझ्या घरी चार दिवस जमिनीवर झोपला. भावानं केलं नसतं तेवढं केलं. अन् सरण पेटल्यावर स्मशानातल्या ओट्यावर बसून लोकांना कॉलर सांगितली. थोरलीच्या लग्नात व्याह्यापुढं म्हणला, "याला दोरानं बांधून ठेवा बरं, सोडला की जातो." व्याही डोळ्यात पाणी येईस्तोवर हसले. गावातली लेकरं मला बुडीत काका म्हणतात. ते नाव तू ठेवलं. मी हसायचो, किसना. इतकी वर्षं मूग गिळून हसलो. तुझ्यासारखा माणूस पाह्यला न्हाई. माणसाला एका हातानं बुडवायचं, दुसऱ्या हातानं काढायचं अन् जन्मभर पाया पडून घ्यायचं.

मला फार काही नको होतं. चार माणसांत तू एकदा म्हणायचं होतं, हूक माझ्या हातानं सुटला. बस. बाकी सगळी गोष्ट तुझी ठेव, कॉलरबी ठेव.

मंग आपण पेन्शनीवर आलो. बांधाला बांध, तुझी मोसंबी, माझी मोसंबी. तू शेततळं केलं. काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, कडा उताराच्या अन् शेवाळानं गुळगुळीत. आत गेलेलं जनावर वर येत न्हाई, माणूस तर न्हाईच न्हाई, म्हणून आपल्याकडं प्रत्येक तळ्याला एक दोर सोडलेला असतो. तू काठावर खुंट रोवला. एक दोर पाण्यावर तरंगणाऱ्या पंपाच्या मोटारीला, दुसरा आत उतरताना कमरेला बांधायला. दोन्ही निळे, एकाच दुकानातले, एकाच खुंटाला. मी दोन्ही दोर हातात घेऊन पाह्यले. म्हणलं, "किसना, एका दोराला लाल चिंधी बांध." तू माझ्याकडं पाहून हसला. म्हणला, "बुडीत माणूस मला दोर शिकवून राह्यला का?"

ते आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर दोन दिवस मी बांधाकडं फिरकलो न्हाई. रागात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुमनवहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे जेवाया आले न्हाई. फोन बी उचलून न्हाई राह्यले." मी पळत आलो. काठावर तुझ्या चपला, चपलांवर टोपी, टोपीत फोन. तू मोटारीपाशी पालथा होता. डॉक्टर नंतर म्हणले, पाय घसरला, मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावर डोकं आपटलं, शुद्ध गेली असंल. तुझ्या कमरेला दोर होता, गाठ आपली फौजेतली, कडक. दोराचं दुसरं टोक पाण्यावर मोकळं तरंगून राह्यलं होतं. अन् खुंटाला एकच दोर उरला होता, मोटारीचा, जसाच्या तसा.

पाणी खाली गेलं म्हणून तुला मोटार सरकवायची होती. तिचा दोर ढिला करायचा म्हणून तू खुंटाशी वाकला अन् एक दोर सोडला. लोक म्हणले, एवढा समुद्र पोहलेला माणूस, कमरेला दोर असून गेला, काळ आला की काय करता. पोलिसांनी लिहून नेलं की गाठ सुटली. तुझी गाठ आपोआप सुटत न्हाई. ती सोडावी लागते.

खुंटाकडं पाह्यलं तव्हा मला आधी रडू आलं न्हाई. आधी मनात आलं, सापडला लेका. कोणाला सांगू न्हाई असं हे, पण आलं. मंग हाका मारल्या. शेजारच्या मळ्यातल्या दोघांनी माझा दोर धरला अन् मी पन्नीवरून खाली उतरलो. पाण्यात तुझ्या अंगावर हात टाकला तर हाताला आधी काय लागलं, तर शर्टाची कॉलर. मी तुला कॉलर धरून काढलं, किसना. ते चार गावात सांगायला तूच पाह्यजे होता.

तर काल मंडपात मी उठलो. ठरवूनच उठलो होतो. सगळं सांगायचं, टेपेसकट. विहिरीपासून सुरू केलं. लोक सरसावून बसले. एका कडीत दोन हूक, इथपर्यंत आलो अन् तुझ्या फोटोकडं पाह्यलं. खांद्यावर माझा हात दिसला. तोंडातून निघालं, "मंग हूक सुटला." कोणाच्या हातानं ते गिळलं. पुढं तुझा लांब केलेला हात सांगितला, तो खराच होता. खाली बसलो. मागून कोणीतरी हळूच म्हणलं, कॉलरचं राह्यलं की.

लोक पांगले. मी चप्पल शोधून राह्यलो होतो तर वहिनी आल्या. इतक्या दिवसांत माझ्याशी धड एक शब्द बोलल्या न्हवत्या. म्हणल्या, "आजबी न्हाई बोलले तुम्ही."

मी म्हणलं, काय वहिनी?

"हुकाचं. मला वाटलं, आता तरी बोलतेत. माणूस गेलं, आता कोणाची भीड?"

माझ्या हातातली चप्पल हातातच राह्यली. त्या खालचा आवाज करून सांगून राह्यल्या होत्या, जशी काय भाजीची गोष्ट. "शर्यतीहून आल्ते ना, त्याच सुट्टीत सांगितलं मला. रडले. म्हणले, सुमन, माझ्या हातानं सुटला. मी म्हणलं, मंग जा अन् सांगा भाऊजीला. तर म्हणले, त्याला ठाऊक हाये, त्यानं डोळ्यानं पाह्यलं. त्यानं एकदा विचारू दे. चार माणसांत विचारू दे, मी चार माणसांत सांगतो. माझ्या तोंडातून आपणहून न्हाई निघत."

मी विचारलं, "म्हणून किसना टोचत होता मला? मी विचारावं म्हणून?"

"पहिले दोन-तीन साल," वहिनी म्हणल्या. "पाय पुढं करायचे अन् घरी येऊन मला म्हणायचे, आजबी न्हाई विचारलं त्यानं, आजबी वाकला. नंतर..." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नंतर त्यांना गोडी लागली, भाऊजी. खोटं कशाला बोलू."

इतकं बोलून त्या भांड्यांकडं गेल्या.

तर असं हाये, किसना. तू माझ्या विचारण्याची वाट पाह्यली अन् मी तुझ्या बोलण्याची. दोघांच्या मधी एक दसरा अन् तुझा एक पाय. त्या पायाला मी हात लावायचो तव्हा तुझी बोटं आखडायची, ते मला कळायचं. मला वाटायचं गुदगुल्या होत असतील. आज सकाळी मी तुझ्या तळ्यावर आलोय. खुंटाला मोटारीचा दोर तसाच हाये. तुझा दोर पोलिसांनी नेला. वहिनी मोसंबीला पाणी कसं द्यायचं ते विचारून राह्यल्या, म्हणून मोटार पाहायला आलो. बांधावर शेजारचे दोघं उभे हायेत, पलीकडं तुझा भाऊ हाये अन् मी. चार माणसं भरतात. मी त्यांच्यापुढं मोठ्यानं विचारलं, ते माझ्याकडं येड्यासारखं पाहून राह्यले, पाहू दे. किसना, त्या दिवशी डोलकाठीपाशी तू कोणाचा हूक सोडला? विचारलं बघ. आता बोल.